‘एवढी शिक्षा?’ आणि ‘एवढीच शिक्षा?’ : खेळाडूंच्या बंदी-दंडाबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी नव्याने येतात, फक्त खेळाडूचं नाव बदलतं. आपल्या टीमचा असला की ‘एवढी शिक्षा?’, समोरच्या टीमचा असला की ‘एवढीच शिक्षा?’. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय. सोपे प्रश्न आधी, डोकं खाणारे नंतर, आणि एखादी गोष्ट दुसरीकडे आली असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. शिक्षा नक्की देतं कोण? अंपायर, बोर्ड की आयसीसी?

सगळेच देतात, आणि अर्धा घोळ तिथेच आहे. मैदानावर जे होतं त्याचा रिपोर्ट क्रिकेटमध्ये अंपायर करतात, निकाल मॅच रेफ्री देतो. फुटबॉलमध्ये रेफ्री कार्ड दाखवतो आणि पुढची बंदी शिस्तपालन समिती ठरवते. त्यावर देशाचं बोर्ड किंवा लीग, त्यावर आंतरराष्ट्रीय संघटना, आणि बऱ्याच खेळांत सगळ्यात वर स्वित्झर्लंडमधल्या लोझानचं क्रीडा लवाद न्यायालय, ज्याला सगळे ‘कॅस’ म्हणतात.

पण आरोप करणारा आणि न्याय देणारा एकाच घरातला असतो, हे विसरू नका. अमेरिकन फुटबॉलमध्ये टॉम ब्रेडीला बॉलमधली हवा कमी केल्याच्या प्रकरणात ४ मॅचची बंदी लागली, आणि त्या बंदीवरचं अपील ऐकलं कोणी, तर लीगचे कमिशनर रॉजर गुडेल यांनीच. कोर्टात पहिल्यांदा ब्रेडी जिंकला, पण २०१६ मध्ये वरच्या कोर्टाने सांगितलं की खेळाडूंच्या युनियनने सही केलेल्या करारातच कमिशनरला हा अधिकार दिलाय, आता तक्रार करून उपयोग नाही.

२. डिमेरिट पॉइंट म्हणजे काय, आणि ४ झाले की काय होतं?

आयसीसीकडे गुन्ह्यांच्या ४ लेव्हल आहेत. लेव्हल १ म्हणजे आऊट झाल्यावर बॅट आपटणं, अंपायरच्या निर्णयावर तोंड वाकडं करणं वगैरे. लेव्हल ४ म्हणजे मारामारी, अंपायरला धमकी असले प्रकार. प्रत्येक गुन्ह्याला दंडासोबत डिमेरिट पॉइंट मिळतात, २४ महिन्यांत ४ झाले की त्यांचं बंदीत रूपांतर होतं, म्हणजे १ टेस्ट किंवा २ वनडे किंवा २ टी-ट्वेंटी, जे आधी येईल ते.

ऐकायला सरळ वाटतं, पण एका पॉइंटने किती फरक पडतो ते कगिसो रबाडाला विचारा. मार्च २०१८, पोर्ट एलिझाबेथ, स्टीव्ह स्मिथला आऊट केल्यावर खांद्याला खांदा लागला. लेव्हल २, जुने पॉइंट जोडून २ टेस्टची बंदी, म्हणजे उरलेली सगळी सिरीज गेली. अपिलात तोच प्रकार लेव्हल १ चा ठरला, २५ टक्के मॅच फी कापली आणि पठ्ठ्या पुढची टेस्ट खेळला. व्हिडिओ तोच, खांदा तोच, बघणारी माणसं वेगळी.

३. करोडपती खेळाडूची २० टक्के मॅच फी कापली तर ती शिक्षा झाली का?

खरं सांगायचं तर नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मेलबर्नला विराट कोहलीने सॅम कॉन्स्टासला खांदा मारला, शिक्षा काय तर २० टक्के मॅच फी आणि १ डिमेरिट पॉइंट. भारतीय खेळाडूची टेस्ट मॅच फी १५ लाख, त्याचे २० टक्के ३ लाख. जाहिराती आणि लीगचे पैसे या हिशेबात येतच नाहीत, आणि ज्याची सगळी कमाई मॅच फीवरच आहे अशा नवख्या पोराला मात्र तेच २० टक्के चांगलेच लागतात. टक्केवारी सारखी म्हणजे शिक्षा सारखी, असं नसतं.

दंड खरा तेव्हा लागतो जेव्हा तो पगाराला भिडतो. एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमध्ये बंदीच्या मॅचचा पगारच मिळत नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये रॉन आर्टेस्ट प्रेक्षकांत घुसून मारामारी करून आला, उरलेला सगळा सीझन म्हणजे प्लेऑफ धरून ८६ मॅच बाहेर, आणि जवळपास ५० लाख डॉलर पगार गेला. ही शिक्षा.

४. सँडपेपरच्या प्रकरणात एक वर्षाची बंदी जास्त नव्हती का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, त्यामुळे जरा सविस्तर.

मार्च २०१८, केपटाऊन. ऑस्ट्रेलियाच्या बँक्रॉफ्टने सँडपेपरने बॉल घासला, कॅमेऱ्याने पकडला. आयसीसीची शिक्षा बघा आधी: कॅप्टन स्मिथला १ टेस्टची बंदी आणि पूर्ण मॅच फी, बँक्रॉफ्टला ७५ टक्के मॅच फी आणि ३ डिमेरिट पॉइंट, संपलं. व्हाइस कॅप्टन वॉर्नरवर तर आयसीसीने आरोपही ठेवला नव्हता. त्यानंतर काही दिवसांतच क्रिकेट ऑस्ट्रेलियाने स्मिथ आणि वॉर्नरला १२ महिने, बँक्रॉफ्टला ९ महिने बाहेर काढलं आणि वॉर्नरला कॅप्टनपदासाठी कायमचा बाद केला.

आता दीड वर्ष मागे जा. नोव्हेंबर २०१६, होबार्ट, फाफ डू प्लेसी तोंडातल्या मिंटची लाळ बॉलला लावताना दिसला. गुन्हा त्याच कलमाखालचा, बॉलची अवस्था बदलणं. शिक्षा पूर्ण मॅच फी, बंदी शून्य दिवस.

लोक म्हणतात मिंट आणि सँडपेपर एक नाही. मान्य, सँडपेपर खिशात घालून मैदानात जाणं हा ठरवून केलेला कट आहे. शिवाय पकडल्यावर ती पिवळी टेप होती असं प्रेस कॉन्फरन्समध्ये खोटं सांगितलं, आणि प्लॅन ज्युनिअर खेळाडूच्या गळ्यात मारला. बोर्डाने आरोपात हे सगळं धरलं होतं, त्यामुळे १ टेस्टपेक्षा जास्त व्हायलाच हवं होतं. पण १ टेस्ट आणि १२ महिने यांच्यामधलं अंतर कशाने भरलं? माझ्या मते गोंगाटाने. पंतप्रधान बोलले, स्पॉन्सर पळाले, घराघरात तोच विषय, आणि बोर्डाला काहीतरी मोठं करून दाखवायचं होतं.

पुरावा हवा तर जुलै २०१८ मध्ये आयसीसीने बॉल टॅम्परिंग लेव्हल २ वरून लेव्हल ३ वर नेलं आणि कमाल शिक्षा ६ टेस्टपर्यंत वाढवली. म्हणजे संतापाच्या भरात नियम कडक केल्यावरही जी शिक्षा बसते ती ६ टेस्ट, आणि स्मिथ-वॉर्नर वर्षभर बाहेर होते. शिक्षा न्याय्य आहे का हे तपासायला मी एवढंच बघतो: नियम कृत्याच्या आधी लिहिलेला होता का, आणि कॅमेरा नसता, बोंबाबोंब नसती तर शिक्षा तेवढीच झाली असती का. केपटाऊनच्या बाबतीत दोन्हीचं उत्तर नाही.

आणि हो, वॉर्नरची कॅप्टनपदाची ‘आजीवन’ बंदी ऑक्टोबर २०२४ मध्ये उठली, तोपर्यंत तो आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून रिटायर झाला होता.

५. एकाच चुकीला दोनदा शिक्षा कशी काय देतात?

दोन वेगळ्या संस्था असतील तर देतात, वर केपटाऊनमध्ये तेच झालं. २००८ मध्ये हरभजनने श्रीसंतला कानाखाली मारली तेव्हाही आयपीएलने उरलेल्या ११ मॅच काढून घेतल्या आणि बीसीसीआयने वर ५ वनडेची बंदी घातली.

एकाच संस्थेने दोनदा द्यावी का, हा जास्त खरा प्रश्न. अमेरिकन फुटबॉलपटू रे राइसने २०१४ मध्ये होणाऱ्या बायकोला लिफ्टमध्ये मारलं. लीगने आधी फक्त २ मॅचची बंदी दिली, जी लाजिरवाणी होती, यात वादच नाही. सप्टेंबरमध्ये लिफ्टच्या आतला व्हिडिओ बाहेर आला, सगळे भडकले आणि लीगने ती बेमुदत करून टाकली. नोव्हेंबरमध्ये लवाद म्हणून बसलेल्या माजी न्यायाधीश बार्बरा जोन्स यांनी दुसरी शिक्षा रद्द केली. त्यांचं म्हणणं, राइसने लीगशी खोटं बोललेलं नव्हतं, काय घडलं हे लीगला आधीच माहीत होतं, नवीन होता तो फक्त व्हिडिओ. माणूस मला अजिबात आवडत नाही पण निकाल बरोबर होता. पहिल्यांदा कमी शिक्षा दिली ही लीगची चूक, तिची भरपाई दुसऱ्यांदा शिक्षा देऊन होत नाही.

६. चौकशी चालू असतानाच खेळाडूला बाहेर बसवतात, मग निर्दोष निघाला तर?

तर गेलेले महिने कोणी परत देत नाही. याला तात्पुरतं निलंबन म्हणतात आणि फिक्सिंग किंवा डोपिंगच्या संशयात ते लागतंच, कारण संशयित खेळत राहिला आणि नंतर दोषी निघाला तर मधले सगळे निकाल नासतात.

टेनिसपटू सिमोना हालेपचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये डोपिंगवरून निलंबित, सप्टेंबर २०२३ मध्ये ४ वर्षांची बंदी, मार्च २०२४ मध्ये कॅसने ती ९ महिन्यांवर आणली. तोपर्यंत ती १७ महिने टेनिस कोर्टाबाहेर बसली होती. म्हणजे शिक्षा ९ महिन्यांची आणि भोगली १७ महिने. टेनिसमध्ये तिशी ओलांडलेल्या खेळाडूसाठी हे काय असतं ते वेगळं सांगायला नको.

उलटं टोक पृथ्वी शॉचं. फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूरला सॅम्पल घेतलं, त्यात टर्ब्युटालिन हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं, खोकल्याच्या औषधातून आलं असं त्याचं म्हणणं बीसीसीआयने मानलं. ८ महिन्यांची बंदी जाहीर झाली जुलैअखेरीस, पण मोजली १६ मार्चपासून. त्या मधल्या काळात साहेब आख्खी आयपीएल खेळले होते. कागदावर बंदी आणि टीव्हीवर बॅटिंग, एकाच वेळी. मागच्या तारखेने बंदी मोजायची सोय नियमात आहे, पण जो दिवस खेळाडू खेळलाय तो शिक्षेत धरायचा हे मला तरी झेपत नाही.

७. कोर्टाने सोडलं तरी बोर्डाची बंदी कशी राहते?

कारण दोन्हीकडे पुराव्याची पट्टी वेगळी असते. फौजदारी कोर्टात शंकेला जागा उरता कामा नये. खेळाच्या चौकशीत आरोप खरा असण्याची शक्यता पुरेशी मोठी आहे एवढी खात्री पटली तरी चालतं. हे मुद्दाम तसं ठेवलंय, कारण बोर्डाकडे पोलिसांसारखे फोन टॅप करायचे किंवा घराची झडती घ्यायचे अधिकार नसतात.

श्रीसंतच्या प्रकरणात हे सगळे टप्पे दिसतात. २०१३ च्या आयपीएल स्पॉट फिक्सिंगमध्ये बीसीसीआयची आजीवन बंदी, जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या कोर्टाने आरोपमुक्त केलं, बंदी तशीच. केरळ हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी ती उठवली, त्याच कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने परत लावली. मार्च २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने जे सांगितलं ते मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं: दोषी ठरवणं हा बोर्डाचा अधिकार, त्याला हात लावत नाही, पण शिक्षा किती हे परत ठरवा, प्रत्येक फिक्सिंगला डोळे झाकून आजीवन चालणार नाही. मग बीसीसीआयचे लोकपाल डी. के. जैन यांनी ७ वर्षं केली, ती सप्टेंबर २०२० मध्ये संपली. श्रीसंत तेव्हा ३७ वर्षांचा.

उलट बेन स्टोक्स. ब्रिस्टलमधल्या २०१७ च्या मारामारीत कोर्टाने निर्दोष सोडला, पण क्रिकेटच्या शिस्त समितीने ८ मॅचची बंदी आणि ३० हजार पौंड दंड केला. बंदी मात्र आधीच हुकलेल्या मॅचमध्ये वळती झाली, त्यामुळे प्रत्यक्षात काहीच चुकलं नाही. ॲशेस सिरीज तर तो चौकशी चालू असतानाच गमावून बसला होता (प्रश्न ६).

८. मग आजीवन बंदी कधीच देऊ नये का?

द्यावी, पण क्वचित, आणि सुनावणी नीट करून. हॅन्सी क्रोनिए दक्षिण आफ्रिकेचा कॅप्टन होता, बुकींकडून पैसे घेतले, सहकाऱ्यांना त्यात ओढलं, शेवटी स्वतः कबूल केलं. तिथे आजीवन बंदीवर मला काही म्हणायचं नाही.

प्रश्न येतो तो पद्धत चुकली की. डिसेंबर २००० मध्ये मॅच फिक्सिंगवरून अझरुद्दीनवर आजीवन बंदी आली, नोव्हेंबर २०१२ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टाने ती बेकायदा ठरवली. तेव्हा तो ४९ वर्षांचा होता, ९९ टेस्टवर अडकलेला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे. तो दोषी होता की नव्हता यावर लोक अजून भांडतात आणि भांडत राहतील, कारण बोर्डाने कायद्यासमोर टिकेल अशी चौकशीच केली नाही. म्हणजे शिक्षा कडक केली आणि खरं काय ते कायमचं गुलदस्त्यात राहिलं.

९. पाकिस्तानचा मोहम्मद आमिर तेव्हा फक्त १८ वर्षांचा होता. त्याला आणि कॅप्टनला एकच माप लावायचं का?

लावलं नाही. २०१० च्या लॉर्ड्स टेस्टमध्ये पैशांसाठी ठरवून टाकलेल्या नो बॉलबद्दल कॅप्टन सलमान बटला १० वर्षं (त्यातली ५ स्थगित), आसिफला ७ (२ स्थगित) आणि आमिरला ५ वर्षं मिळाली. इंग्लंडच्या कोर्टात तुरुंगवास अनुक्रमे ३० महिने, १२ महिने आणि ६ महिने. कॅप्टनने सांगितलं आणि पोराने केलं, हा फरक दोन्हीकडे धरला गेला. मला हे वजन ठीक वाटतं. ५ वर्षं १८ वर्षांच्या फास्ट बॉलरसाठी कमी नाहीत, आणि परत येऊन २०१७ च्या चॅम्पियन्स ट्रॉफी फायनलमध्ये त्याने आपल्याला काय दाखवलं ते सगळ्यांना आठवत असेलच.

१०. शाकिबने तर फिक्सिंग केलंच नव्हतं, मग बंदी कशाची?

बुकीने विचारलं आणि त्याने ते कळवलं नाही याची. ऑक्टोबर २०१९, २ वर्षं, त्यातलं १ स्थगित. अनेकांना अन्याय वाटतो, मला नाही वाटत. नियम आधी लिहिलेला होता, दर वर्षी क्लास घेऊन सांगितला जातो, आणि त्याने स्वतः चूक मान्य केली. फिक्सिंग पकडायचा जवळजवळ एकच रस्ता म्हणजे ज्याला विचारलं त्याने लगेच सांगणं.

११. मोठ्या स्टारला सूट मिळते, हे खरं ना?

थेट सूट सिद्ध करणं अवघड आहे, पण स्टारकडे चांगला वकील, चांगले तज्ज्ञ आणि पाठीशी बोर्ड असतं, आणि तेवढ्याने बराच फरक पडतो.

टेनिसपटू यानिक सिनरच्या शरीरात मार्च २०२४ मध्ये क्लोस्टेबोल हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं. फिजिओने स्वतःच्या कापलेल्या बोटाला ते असलेला स्प्रे मारला आणि त्याच हाताने मसाज केला, हे स्पष्टीकरण लवादाने मानलं आणि त्याला निर्दोष धरलं. जागतिक डोपिंगविरोधी संस्था म्हणजे वाडा अपिलात गेली, १ ते २ वर्षं बंदी मागितली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ३ महिन्यांवर तडजोड झाली. ९ फेब्रुवारी ते ४ मे. त्यात एकही ग्रँड स्लॅम नव्हती. स्पष्टीकरण खरं असेल तर ३ महिनेही जास्त आणि खोटं असेल तर फारच कमी, म्हणून तडजोडीने कोणाचंच समाधान झालं नाही. रँकिंगमध्ये २५० वा असलेला खेळाडू रातोरात एवढे वकील उभे करू शकला असता का?

आणि सूट नेहमी स्टारलाच मिळते असंही नाही. नोव्हेंबर २००१, पोर्ट एलिझाबेथ, मॅच रेफ्री माइक डेनेस यांनी सचिनला ७५ टक्के दंड आणि १ टेस्टची स्थगित बंदी दिली, सेहवागला खरीखुरी १ टेस्ट, शिवाय आणखी ४ जणांना. मैदानातल्या अंपायरनी तक्रारही केली नव्हती. सचिन बॉलची शिवण साफ करत होता, अंपायरला न सांगता, हा तांत्रिक दोष. बाहेर मात्र ‘सचिनने बॉल कुरतडला’ असं पोचलं आणि आगडोंब उसळला. दोन्ही बोर्डांनी पुढच्या टेस्टला डेनेस यांना बाजूला ठेवलं तर आयसीसीने ती टेस्टच अधिकृत धरली नाही. त्यामुळे सेहवाग तिथे बसला ते मोजलं गेलं नाही, आणि त्याला मोहालीत इंग्लंडविरुद्ध परत बसावं लागलं. डेनेस चुकले असं मला तेव्हाही वाटलं होतं, आजही वाटतं. पण बोर्डाने रेफ्रीच बदलून टाकला हे तरी कुठे न्याय्य होतं? त्या रस्त्याने गेलं तर ज्याच्या बोर्डाकडे पैसा त्याच्या खेळाडूला शिक्षाच होणार नाही.

१२. चुकून औषध घेतलं तरी डोपिंगमध्ये बंदी का?

कारण तिथे नियमच उलटा आहे. शरीरात सापडलं म्हणजे जबाबदारी तुमची, कसं आलं ते तुम्ही सिद्ध करायचं. ‘मला माहीत नव्हतं’ हे सगळेच म्हणणार, म्हणून. कसं आलं आणि तुमचा दोष किती कमी हे दाखवता आलं तर शिक्षा उतरते. मारिया शारापोव्हा वर्षानुवर्षं घेत असलेलं मेल्डोनियम हे औषध १ जानेवारी २०१६ पासून बंदीच्या यादीत आलं, तिने आणि तिच्या माणसांनी बदललेली यादी वाचलीच नाही, २ वर्षांची बंदी झाली आणि अपिलात १५ महिने. मला योग्य वाटते. एवढ्या मोठ्या टीममध्ये एक यादी वाचायला कोणी नाही? बाकी प्रश्न ६ आणि ११.

१३. समोरच्याने आधी डिवचलं असेल तर त्यालाही शिक्षा नको का?

हवी, आणि कधीकधी होते. २००६ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये झिदानने मातेराझीच्या छातीत डोकं मारलं. फिफाने झिदानला ३ मॅच दिल्या आणि मातेराझीला बोलण्याबद्दल २. गंमत म्हणजे झिदान त्या मॅचनंतर रिटायर झाला होता, त्यामुळे त्याने बंदीऐवजी ३ दिवस मुलांसोबत समाजसेवा केली, आणि ज्याने मार खाल्ला त्याच्या मात्र खऱ्या मॅच हुकल्या.

प्रेक्षक डिवचतात तेव्हा तर खेळाडू एकटाच अडकतो. फुटबॉलपटू कँटोनाने जानेवारी १९९५ मध्ये शिव्या देणाऱ्या प्रेक्षकाला उडी मारून लाथ घातली, सप्टेंबरअखेरपर्यंत बाहेर बसला, शिवाय कोर्टाने २ आठवड्यांचा तुरुंगवास दिला जो अपिलात १२० तासांच्या समाजसेवेवर आला. लाथेला शिक्षा हवीच होती. पण तिकीट काढलं म्हणून आई-बहिणीवरून काहीही बोलायचा परवाना मिळतो असं ज्यांना वाटतं, त्यांचं काय करायचं हे अजून कुठल्याच खेळाला धड जमलेलं नाही.

१४. जुनं रेकॉर्ड काढून शिक्षा वाढवणं बरोबर आहे का?

बरोबर आहे, फक्त जुनी शिक्षा दाखल्यासाठी वापरायची, परत वसूल करायची नाही. उरुग्वेचा फुटबॉलपटू सुआरेझ २०१० मध्ये समोरच्या खेळाडूला चावला तर ७ मॅच, २०१३ मध्ये चावला तर १० मॅच, २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये किएलिनीला चावला तर ९ आंतरराष्ट्रीय मॅच, वर ४ महिने फुटबॉलच्या कुठल्याही कामातून बंदी आणि १ लाख स्विस फ्रँक. तिसऱ्यांदा चावणाऱ्याला कडक शिक्षा मी समजू शकतो. पण त्या ४ महिन्यांत त्याला क्लबसोबत प्रॅक्टिसही करता येणार नव्हती, हे अति होतं आणि कॅसने तेवढाच भाग काढून टाकला. ज्याला चावलं तो किएलिनीच शिक्षा फार झाली म्हणाला होता!

रेकॉर्ड बघायचं तर ते समोर तरी हवं. २००८ च्या सिडनी टेस्टनंतर हरभजनची ३ टेस्टची बंदी अपिलात ५० टक्के दंडावर आली, वर्णद्वेषाचा आरोप सिद्ध झाला नाही. अपील ऐकणारे न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांनी नंतर सांगितलं की हरभजनचे आधीचे सगळे गुन्हे आयसीसीच्या चुकीमुळे त्यांच्यापुढे आलेच नव्हते, आले असते तर शिक्षा जास्त झाली असती. एवढ्या गाजलेल्या केसमध्ये फाईल अर्धी!

१५. शिक्षा भोगूनही फायदाच झाला असेल तर ती शिक्षा कसली?

हा माझा आवडता प्रश्न. परत सुआरेझच, २०१० चा वर्ल्ड कप, घानाविरुद्ध, एक्स्ट्रा टाइमचा शेवटचा क्षण, गोलमध्ये जाणारा बॉल हाताने अडवला. रेड कार्ड, पेनल्टी, १ मॅचची बंदी. नियमाप्रमाणे सगळं झालं. पेनल्टी हुकली, उरुग्वे शूटआऊटमध्ये जिंकून सेमीफायनलला. लोक सुआरेझला शिव्या घालतात पण त्याने नियमातली किंमत मोजली, दोष नियमाचा आहे. रग्बीमध्ये अशा वेळी रेफ्री सरळ पेनल्टी ट्राय देतो, बास्केटबॉलमध्ये खाली येणारा बॉल अडवला तर बास्केट धरतात. फुटबॉलने ठरवलं तर उद्या करता येईल.

बेसबॉलमध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोसने २०१७ मध्ये कॅमेऱ्याने समोरच्या कॅचरच्या खुणा चोरल्या, पुढचा बॉल कसला येणार ते कचऱ्याचा डबा बडवून बॅटरला कळवलं, आणि चॅम्पियन झाले. जानेवारी २०२० मध्ये क्लबला ५० लाख डॉलर दंड, मॅनेजर आणि जनरल मॅनेजरला १ वर्ष बंदी. खेळाडूंना काहीही नाही, कारण खरं सांगा, शिक्षा करत नाही असं कबूल करूनच त्यांच्याकडून जबाब घेतले होते. टायटलही त्यांच्याकडेच. डबा ज्यांनी बडवला ते सगळे सहीसलामत.

१६. एकाने खाल्लं आणि आख्ख्या टीमला शिक्षा, हे चोर सोडून संन्याशाला फाशी नाही का?

बऱ्याचदा आहे. २०१५ मध्ये आयपीएलमधल्या सट्टेबाजीवरून लोढा समितीने चेन्नईच्या गुरुनाथ मय्यप्पन आणि राजस्थानच्या राज कुंद्रा यांना आजीवन बाहेर काढलं ते ठीक, पण चेन्नई आणि राजस्थान २ वर्षं बंद, त्यात ज्यांचा काही संबंध नाही असे खेळाडू आणि चाहतेही भरडले गेले. दुसरी बाजू अशी की टीमला हात लागला नाही तर मालक एक माणूस बळी देतो आणि धंदा चालू ठेवतो. इंग्लंडच्या एव्हर्टन फुटबॉल क्लबला जास्त खर्च केल्याबद्दल नोव्हेंबर २०२३ मध्ये १० पॉइंट कापले, अपिलात ६ झाले, एप्रिलमध्ये दुसऱ्या केसमध्ये अजून २. सीझन चालू असताना टेबल तीनदा बदललं. पॉइंट कापायचे असतील तर किती चुकीला किती हे सीझनच्या आधी छापून टाका.

१७. मूळ आरोप खोटा ठरला तरी शिक्षा होऊ शकते?

होऊ शकते, २००६ ची ओव्हल टेस्ट. अंपायरनी पाकिस्तानवर बॉल कुरतडल्याचा ठपका ठेवून ५ रन दंड केला, इंझमामने निषेध म्हणून टी-नंतर टीम वेळेवर उतरवली नाही, अंपायरनी मॅच इंग्लंडला देऊन टाकली. सुनावणीत टॅम्परिंगचा आरोप टिकला नाही, पण मैदानात न उतरल्याबद्दल इंझमामला ४ वनडेची बंदी. माझं मत विचाराल तर बंदी नियमात बसते. उद्या प्रत्येक कॅप्टन चिडून ड्रेसिंग रूममध्ये बसला तर खेळ होणार कसा. पण ज्या चुकीच्या निर्णयामुळे सगळं घडलं तो खोडला गेल्यावर ४ मॅच मला जड वाटतात, ताकीद पुरली असती. त्या मॅचचा निकालही २००८ मध्ये ड्रॉ केला आणि २००९ मध्ये परत इंग्लंडला दिला, हे वेगळंच.

१८. व्यसन हा आजार मानून शिक्षा कमी करावी का?

थोडी. इंग्लंडचा फुटबॉलपटू इव्हान टोनीवर सट्टेबाजीचे २३२ आरोप होते, त्याने मान्य केले, ८ महिन्यांची बंदी झाली. जुगाराचं व्यसन असल्याचं निदान झालं म्हणून समितीने त्यातच ३ महिने कमी केले होते. मला हे पटतं, फक्त ज्या लीगच्या क्लबांच्या शर्टवर सट्ट्याच्या कंपन्यांची नावं छापलेली असतात त्या लीगने खेळाडूला सट्ट्याबद्दल नैतिकता शिकवू नये.

१९. शिक्षा भोगून झाली की विषय संपतो ना?

कागदावर संपतो. रे राइस (प्रश्न ५) अपील जिंकला, खेळायला मोकळा झाला, पण एकाही क्लबने त्याला घेतलं नाही आणि तो परत कधी लीगमध्ये खेळला नाही. ती बंदी कोणी जाहीर केली नाही, तिची मुदत नाही आणि तिच्यावर अपीलही नाही. त्याच्या कृत्याकडे बघता अनेकांना ते योग्य वाटतं, मलाही फार वाईट वाटत नाही, पण तेच हत्यार उद्या निर्दोष सुटलेल्या माणसावरही चालतं.

स्मिथ-वॉर्नर १२ महिने भोगून २०१९ च्या वर्ल्ड कपला आले. ओव्हलवर भारताविरुद्धच्या मॅचमध्ये स्मिथ बाउंड्रीजवळ उभा होता आणि आपलेच प्रेक्षक त्याला बू करत होते. बॅटिंग करत असलेल्या कोहलीने मध्येच हाताने खूण केली, बू काय करताय, टाळ्या वाजवा म्हणून, आणि नंतर प्रेक्षकांच्या वतीने स्मिथची माफी मागितली. आयसीसीने त्यासाठी कोहलीला त्या वर्षीचा स्पिरिट ऑफ क्रिकेट अवॉर्ड दिला.